वॉशिंग मशीन अडले तर: तपासणीचा क्रम, दुरुस्तीचा निर्णय आणि नव्या मशीनची निवड

वॉशिंग मशीन बंद पडले की बहुतेक घरांतून पहिला फोन मिस्त्रीला जातो, आणि त्याने ‘बोर्ड गेला’ असे सांगितले की दुसरा फोन दुकानाला जातो. या दोन फोनांच्या आधी घरच्या घरी करायची पाऊण तासाची तपासणी मात्र राहून जाते. परिणामी ज्याच्या नळाला जोर नव्हता त्या मशीनचा पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह बदलला जातो, ज्याच्या फिल्टरमध्ये हेअरपिन अडकली होती त्याचा पंप बदलला जातो, आणि नवे मशीन आणल्यावरही चौथ्या दिवशी तीच तक्रार पुन्हा उभी राहते, कारण दोष घराच्या पाण्यात, टाकीच्या उंचीत किंवा प्लग पॉइंटमध्ये होता. पुढचा क्रम इंदूरमधली घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. येथील अनेक वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, मधल्या दिवशी बोरिंगची मोटर चालते आणि दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडते. तपासणी नेहमी बाहेरून आत न्यावी: आधी वीज, मग नळ, मग पाइप, मग फिल्टर, मग कपड्यांचा भार आणि सर्वांत शेवटी मशीनचे पोट.

१. हात लावण्यापूर्वीची तयारी

मशीनवरच्या स्टिकरचा फोटो आधी काढून ठेवावा. फ्रंट लोड मशीनमध्ये हा स्टिकर बहुधा दाराच्या आतल्या कडेला असतो, टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिकमध्ये मागच्या बाजूस. त्यावरचा मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक पुढे सुटे भाग घेताना आणि वॉरंटी पाहताना लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी मशीन भिंतीला टेकलेले असते. पडद्यावर एखादा कोड दिसत असेल तर प्लग काढण्यापूर्वी त्याचाही फोटो घ्यावा. त्याच अक्षरांचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून तो आपल्याच मशीनच्या पुस्तिकेत पाहावा. शेजाऱ्यांच्या मशीनवरून अर्थ लावू नये.

यानंतर एका कागदावर एवढेच लिहावे की बिघाडाच्या आधीच्या आठवड्यात घरात काय बदलले. टाकी धुतली का, गल्लीत पाइपलाइन खोदली होती का, मशीन जागेवरून हलवले का, पावडर बदलली का, पाहुणे आल्यामुळे एका दिवसात चार वेळा मशीन लावले का. या यादीत बऱ्याचदा उत्तर असते.

साहित्य साधे आहे: पक्कड, जुना टूथब्रश, टॉर्च, दहा लिटरची बादली, सेकंद दाखवणारे घड्याळ, एक पसरट परात आणि दोन जुनी फडकी.

इशारा: बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग पूर्ण काढावा आणि नळ बंद करावा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम चालू असताना मशीन अडले असेल तर आतले पाणी निवेपर्यंत काहीही उघडू नये.

२. मशीन सुरूच होत नाही

त्याच पॉइंटला दुसरे उपकरण लावून पाहावे. तेही चालत नसेल तर मशीनचा प्रश्न नाही. चालत असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये आहे का ते पाहावे, आणि असेल तर तो काढून टाकावा. हीटर असलेले फ्रंट लोड मशीन पाणी तापवताना सुमारे २००० वॉट घेते, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट हवा. ६ अँपिअरच्या बोर्डावर ते काही महिने चालते, मग प्लगची पिन तपकिरी पडते, आणि पुढे मशीन ‘मध्येच बंद पडते’ अशी तक्रार सुरू होते.

मग चाइल्ड लॉक लागले आहे का, दार पूर्ण मिटले आहे का आणि दाराच्या खाचेत रुमालाचे टोक अडकले आहे का ते पाहावे. सेमी ऑटोमॅटिकमध्ये स्पिनचे झाकण नीट बसल्याशिवाय ड्रायर फिरत नाही. मोटर नुसती घूंऽऽ असा आवाज करते पण फिरत नाही, असे असेल तर संशय मोटरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या कपॅसिटरवर, निसटलेल्या बेल्टवर किंवा पल्सेटरखाली, म्हणजे तळाच्या फिरत्या तबकडीखाली, अडकलेल्या नाण्यावर घ्यावा.

इशारा: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते. त्याला स्वतः हात लावू नये. तसेच ओल्या हाताने मशीनच्या पत्र्याला स्पर्श केल्यावर मुंग्या येत असतील तर पायात चप्पल घालून काम निभावून नेऊ नये. तो अर्थिंगचा दोष आहे, आणि तो निघेपर्यंत मशीन वापरायचे नाही.

तळमजल्यावरच्या घरांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. काल चालणारे मशीन आज पूर्ण मुके झाले असेल तर टॉर्च घेऊन खालून पाहावे. अनेक टॉप लोड मशीनचा तळ उघडा असतो आणि उंदराला वायरचे वेष्टण कुरतडायला तेथून सोपी वाट मिळते. तळाला बसणारी जाळी मिळते. ती मशीनबरोबरच घेतलेली बरी.

३. पाणी भरत नाही, किंवा भरतच राहते

येथे सर्वाधिक पैसे वाया जातात, म्हणून हा टप्पा सावकाश करावा.

प्रथम मशीनचा इनलेट पाइप नळाच्या बाजूने सोडवावा आणि नळाखाली दहा लिटरची बादली लावून वेळ मोजावी. माझे घरगुती माप असे आहे की बादली एका मिनिटाच्या आत भरली तर नळाला दोष देऊ नये, आणि दोन मिनिटांहून जास्त लागली तर मशीन उघडण्याचा विचारही करू नये. मधल्या वेळेत असेल तर जाळी साफ करून पुन्हा पाहावे.

जाळी मशीनच्या मागे, जेथे पाइप बसतो त्या तोंडातच असते. पाइप हाताने फिरवून काढल्यावर आत प्लास्टिकची छोटी टोपी दिसते. तिचे मधले टोक पक्कडीने अलगद धरून सरळ बाहेर ओढावे. नळाच्या बाजूच्या जोडणीतही काही मशीनना दुसरी जाळी असते, आणि ती हमखास विसरली जाते. टाकी धुतल्यानंतर किंवा पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात या जाळीवर काळ्या मातीचा आणि गंजाच्या कणांचा बोटाला जाणवेल इतका थर बसतो. टूथब्रशने घासून, उलट बाजूने धार सोडून ती पुन्हा बसवावी. जाळी फाटली असेल तर तिच्याशिवाय मशीन चालवू नये, कारण मग तेच कण व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

जाळी स्वच्छ असूनही मशीन पाण्यासाठी अडत असेल तर टाकीची उंची मोजावी. टाकीतल्या पाण्यापासून मशीनपर्यंतच्या प्रत्येक मीटर उभ्या अंतराला साधारण ०.१ बार दाब मिळतो. ऑटोमॅटिक मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब बहुधा ०.३ किंवा ०.५ बार लिहिलेला असतो, म्हणजे तीन ते पाच मीटर उंची, आणि पाइपातली वळणे त्यातूनही थोडा दाब खातात. गच्चीच्या लगतच्या मजल्यावर हे अंतर अनेकदा दोन मीटरसुद्धा नसते. मशीनचा व्हॉल्व्ह रबरी पडद्यावर चालतो आणि तो पडदा उघडायला व मिटायला पाण्याच्याच दाबाची मदत लागते. दाब कमी पडला की तो अर्धवट वागतो.

राजेंद्र नगरातल्या एका घरात तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहत असताना मी एकाच वर्षात दोनदा व्हॉल्व्ह बदलून घेतला. दोन्ही वेळा मशीन आठवडाभर चालले, कारण दोन्ही वेळा टाकी काठोकाठ भरलेली होती. तिसऱ्या वेळी एका वयस्क प्लंबरने मशीनकडे न पाहता जिन्याने वर जाऊन टाकी पाहिली आणि खाली येऊन फक्त एवढेच विचारले, “नर्मदा यायच्या आदल्या दिवशीच अडते ना?” तसेच होते. न्हाणीघराच्या लाइनवर लहान बूस्टर पंप बसवल्यावर तो व्हॉल्व्ह पुन्हा कधी बदलावा लागला नाही.

तपासणी: पाणी थांबतच नसेल तर मशीनचा प्लग काढावा पण नळ चालू ठेवावा. प्लग काढल्यावरही ड्रममध्ये पाणी येत राहिले तर व्हॉल्व्ह मिटत नाही, तो बदलावा लागेल. प्लग काढताच पाणी थांबले तर व्हॉल्व्ह बरा आहे आणि पातळी मोजणाऱ्या सेन्सरकडे किंवा त्याच्या नळीकडे पाहायला हवे. मिस्त्रीला ही एक ओळ सांगितली तर त्याचाही अर्धा तास वाचतो.

एक तिसरी शक्यता असते आणि ती फार फसवी आहे. पाणी भरत राहते, पण ड्रम भरत नाही. अशा वेळी मागचा ड्रेन पाइप पाहावा. तो जमिनीवर पडला असेल किंवा भिंतीतल्या पाइपात खोल, घट्ट खुपसला असेल तर पाणी वक्रनलिकेसारखे आपोआप ओढले जाते. पंप असलेल्या मशीनच्या ड्रेन पाइपाचे तोंड साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असावे, पाइप वीतभरापेक्षा जास्त आत जाऊ नये, आणि कडेने हवा जायला फट राहावी. ती फट ‘दुर्गंध येतो’ म्हणून कापडाने बुजवणे ही नेहमीची चूक आहे.

४. पाणी निघत नाही

आधी आपले मशीन पंपाने पाणी फेकते की उताराने सोडते ते ओळखावे. फ्रंट लोडला पंप असतो. सेमी ऑटोमॅटिक आणि बरीचशी टॉप लोड मशीन उताराने पाणी सोडतात, आणि त्यांचा पाइप जमिनीलगतच असावा लागतो. उंबरठ्यावरून पाइप पलीकडे नेण्यासाठी तो वर उचलला, किंवा तीन हात जादा पाइप जोडला, की मशीन निर्दोष असूनही तळाशी पाणी साचून राहते.

पंपाच्या मशीनमध्ये फिल्टर समोरून खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एका लहान झाकणामागे असतो. क्रम असा ठेवावा:

१. प्लग काढून परात झाकणाखाली सरकवावी आणि फडके पसरावे.
२. शेजारी बारीक नळी असेल तर तिचे बूच काढून पाणी परातीत सोडावे. परात भरली की बूच लावून ती रिकामी करावी. हे पाच-सात वेळा करावे लागते, आणि नेमक्या याच जागी धीर सुटतो.
३. पाणी थांबल्यावरच फिल्टर डावीकडे फिरवून काढावा.
४. टॉर्च धरून आतला पंखा बोटाने फिरतो का ते पाहावे. तो किंचित अडखळत फिरतो, ते स्वाभाविक आहे. मुळीच फिरत नसेल तर त्यात केस किंवा दोरा गुंडाळलेला असतो.
५. फिल्टर आणि त्याचे रबर धुऊन, आटे सरळ बसवून घट्ट करावा. आडव्या आट्यांवर जोर केल्यास पुढच्या धुण्याला न्हाणीघरात तळे होते.

यातून काय निघते याचा अंदाज यावा म्हणून आमच्या घरातला एक दिवस सांगतो. लग्नसराईचा महिना होता आणि मशीन स्पिनपूर्वी थांबत होते. फिल्टर ओढला तेव्हा त्याच्या दातऱ्यांत एक रुपयाचे नाणे, दोन सेफ्टीपिना आणि भिजून दुप्पट फुगलेल्या, अजून पिवळसर असलेल्या अक्षता होत्या. कुर्त्याच्या खिशात मंगलाष्टकांच्या वेळच्या अक्षता तशाच राहतात. हळदकुंकवाची पुडी, सुपारीचे खांड आणि बसचे तिकीटही असेच खिशातून पंपापर्यंत जाते. फिल्टर महिन्यातून एकदा काढावा, आणि लग्नाहून आलेले कपडे खिसे उलटे करूनच टाकावेत.

५. हादरणे, सरकणे आणि आवाज

मशीन नवे असेल आणि पहिल्याच स्पिनला उड्या मारत असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढले आहेत का ते पाहावे. फ्रंट लोडमध्ये ड्रम प्रवासात हलू नये म्हणून हे बोल्ट लावलेले असतात आणि ते तसेच ठेवून चालवल्यास मशीनचे खरेच नुकसान होते.

जुन्या मशीनमध्ये आधी भार पाहावा. एकटी गोधडी, एकटी चादर किंवा एकटी पायपुसणी आत असेल तर ती एका बाजूला गोळा होते. तिच्याबरोबर दोन टॉवेल टाकावेत. मग मशीनचे चारही पाय जमिनीला टेकले आहेत का ते दोन विरुद्ध कोपरे दाबून पाहावे. पातळी दाखवणारे लेव्हल हाताशी नसेल तर ताटलीत पाणी घालून ती मशीनवर ठेवली तरी कल कळतो. चाकांच्या स्टँडवर मशीन ठेवू नये, हे माझे ठाम मत आहे. पुसायला सोय होते, पण स्पिनच्या वेळी चाके हलतात आणि मशीन सरकत जाऊन नळाचा पाइप ताणते.

एवढे करूनही हादरा कमी झाला नाही तर रिकामा ड्रम हाताने खाली दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिर झाला तर ठीक. दोन-तीन वेळा हेलकावे खात राहिला तर टॉप लोडमध्ये सस्पेन्शन रॉड आणि फ्रंट लोडमध्ये शॉक अब्सॉर्बर झिजले आहेत. हे बदलणे परवडते.

आवाज ओळखायला प्लग काढून रिकामा फ्रंट लोड ड्रम हाताने गरगर फिरवावा. टकटक असा सुटा आवाज आला तर ड्रम आणि त्याबाहेरचा टब यांच्या मध्ये नाणे किंवा हूक आहे. जाते फिरल्यासारखी सलग घरघर असेल आणि ड्रमची कड वरखाली हलत असेल तर बेअरिंग गेले. त्यासोबत कपड्यांवर राखाडी-तपकिरी चिकट डाग पडत असतील तर बेअरिंगपुढचे सीलही गळते आहे. असे मशीन ‘चालते तोवर चालवू’ म्हणून वापरल्यास खर्च वाढतच जातो.

६. वास, काळे ठिपके आणि पांढरट कपडे

दाराच्या रबरातले काळे ठिपके बुरशीचे असतात, आणि त्यांचे कारण बहुधा जास्त साबण, कायम थंड पाणी आणि धुणे झाल्यावर लगेच मिटलेले दार हे असते. बादलीत कपडे भिजवण्याची पावडर खूप फेस करते आणि फ्रंट लोडमध्ये हा फेसच धुणे बिघडवतो, सेन्सरला चकवतो आणि रबराच्या घडीत साचून राहतो. फ्रंट लोडसाठीची कमी फेसाची पावडर घ्यावी. पावडरच्या पाकिटावर लिहिलेले माप ही आज्ञा समजू नये, मऊ पाण्यात त्याहून कमी पुरते. रबराची घडी दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसावी, आणि दार व पावडरचा खण उघडे ठेवावेत.

काळे कपडे वाळल्यावर पांढरट दिसत असतील तर पाणी जड आहे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत स्वीकार्य मानली आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते असे म्हटले आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही धुण्यास आणि हीटरला बरेच जड असू शकते. मोजमाप नको असेल तर एका बाटलीत नर्मदेचे आणि दुसऱ्या बाटलीत बोरिंगचे पाणी घेऊन, दोन्हींत साबणाचा सारखा किस टाकून हलवावे. फेसातला फरक लगेच दिसतो. शक्य असेल तेथे धुण्याचा वार नर्मदेच्या दिवशी धरावा. ज्यांच्याकडे केवळ बोरिंग आहे त्यांनी दोन महिन्यांतून एकदा साधारण १०० ग्रॅम लिंबूसत रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांचा प्रोग्रॅम चालवावा. हीटर नसलेल्या टॉप लोडमध्ये ते गरम पाण्यात विरघळवून ओतावे आणि तासभर भिजू द्यावे.

इशारा: लिंबूसत आणि ब्लीच एकत्र वापरू नयेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली न्हाणीघरे लहान असतात.

७. मिस्त्रीला बोलावताना

येथवर उत्तर सापडले नाही तर मिस्त्रीला बोलवावे. त्याला ‘मशीन चालत नाही’ असे सांगू नये. कोणत्या टप्प्यावर थांबते, प्लग काढल्यावर काय होते, जाळी आणि फिल्टर साफ केले आहेत, एवढे सांगावे. भाग बदलण्यापूर्वी तो मीटरने तपासून दाखवायला सांगावे, अंदाजे खर्च लिहून घ्यावा, आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. ‘बोर्ड गेला’ असे कोणी मशीन न उघडता म्हणाले तर दुसऱ्या मिस्त्रीला विचारावे. महाराणी रोडच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मॉडेल क्रमांक दाखवून भावाची चौकशी केली तरी बोलणे सोपे जाते.

८. दुरुस्ती की बदल

ड्रेन पंप, इनलेट व्हॉल्व्ह, बेल्ट, कपॅसिटर, सस्पेन्शन रॉड, दाराचे लॉक यांपैकी काही गेले असेल तर मशीन दहा वर्षांचे असले तरी दुरुस्त करावे. टब, बेअरिंग, मोटर किंवा पीसीबी, म्हणजे मिस्त्री म्हणतो तो ‘बोर्ड’, असेल तर थांबून हिशेब करावा. अनेक फ्रंट लोड मशीनचा टब कारखान्यातच सांधलेला असतो, त्यामुळे बेअरिंगसाठी पूर्ण टब बदलावा लागतो. मशीन आठ वर्षांहून जुने असेल आणि खर्च नव्या मशीनच्या निम्म्याकडे झुकत असेल तर मी बदलण्याच्या बाजूने आहे. त्याआधी वॉरंटीचे कार्ड पाहावे. ‘मोटरवर १० वर्षे’ याचा अर्थ मोटर एवढाच होतो. त्यात पीसीबी येत नाही, आणि मजुरी व भेटीचे शुल्क बहुधा वेगळे असते.

९. दुकानात जाण्यापूर्वीची मोजमापे

नव्या मशीनची निवड दुकानात होत नाही, घरी होते. फ्रंट लोड साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असते, खोली ४५ ते ६५ पर्यंत बदलते, आणि वजन ६०-७० किलोच्या घरात जाते. न्हाणीघराच्या दाराची चौकट, जिन्याचे वळण आणि मशीनचे दार उघडल्यावर समोर उरणारी जागा मोजावी. टॉप लोडच्या बाबतीत झाकण उघडल्यावरची उंची आणि वरच्या नळाची किंवा मांडणीची जागा मोजावी. मागच्या पाइपांसाठी चार बोटे जागा सोडावी. टाकीची उंची, बादलीला लागणारा वेळ आणि पॉइंटचे अँपिअर या तीन नोंदी तिसऱ्या व दुसऱ्या टप्प्यातून आधीच हाती आल्या आहेत, त्या बरोबर न्याव्यात.

क्षमतेसाठी आठवड्यातल्या सर्वांत मोठ्या धुण्याचे गाठोडे बांधून वजनकाट्यावर ते घेऊन उभे राहावे आणि मग एकट्याने उभे राहून आकडा वजा करावा. मशीनवरचे किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे, आणि तेही सुती कपड्यांच्या प्रोग्रॅमसाठी असतात. सिंथेटिक कपड्यांना त्याच्या निम्मेच धरावेत, लोकरीला त्याहून कमी. चौघांच्या घरात ७ ते ८ किलो पुरतात. मात्र घरातल्या दुलया मशीनमध्येच धुवायच्या असतील तर किलोपेक्षा ड्रममध्ये दुलई सैल मावते का हे पाहावे. नऊवारी सुती लुगडे जाळीच्या पिशवीत घालून धुतल्यास त्याचा पीळ होत नाही. आजीच्या सोवळ्याच्या लुगड्याचा विचार यात धरू नये, ते मशीनमध्ये जाणार नाही हे ठरलेलेच असते.

१०. प्रकार आणि जाहिरातीतले शब्द

दाब कमी, पाणी ठरावीक वेळीच आणि धुणारे माणूस घरी, अशी स्थिती असेल तर सेमी ऑटोमॅटिक घ्यायला संकोच करू नये. बादलीने पाणी ओतता येते आणि दुरुस्ती सोपी असते. कंबर वाकवणे जड जाते आणि मध्येच एखादा राहिलेला मोजा टाकण्याची सवय आहे अशा घराला टॉप लोड बरे. पाणी मोजून वापरावे लागते, कपड्यांना तेलकट डाग पडतात आणि दाब पुरेसा आहे, तेथे हीटरसह फ्रंट लोड घ्यावे. त्याचे धुणे मात्र दीड-दोन तास चालते, आणि तोवर टाकीत पाणी असावे लागते.

‘इन्व्हर्टर’ या शब्दाचा अर्थ मशीन घरच्या बॅटरीवर चालते असा नाही. तेथे मोटरचा वेग कमीजास्त करण्याची पद्धत अभिप्रेत आहे, आणि त्यामुळे वीज व आवाज कमी होतो. हीटरचे मशीन घरच्या लहान इन्व्हर्टरवर चालवण्याचा प्रयत्न करू नये. वीज गेल्यावर जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू होण्याची सोय आहे का, हे मात्र आवर्जून विचारावे. स्पिनच्या वेगाला मे महिन्याच्या माळव्यात अर्थ नाही, कारण गच्चीवर चादर तासाभरात कडकडीत वाळते. तो वेग श्रावणात उपयोगी पडतो, जेव्हा दोऱ्या घरात बांधाव्या लागतात. ज्यांना गॅलरीही नाही त्यांनी मिनिटाला १००० फेऱ्यांच्या वरचे घ्यावे. वीजबचतीचे तारे एकाच प्रकारातल्या मशीनची तुलना करण्यासाठी पाहावेत. टॉप लोडचे पाच तारे आणि फ्रंट लोडचे पाच तारे यांना एकाच तराजूत घालू नये.

जुन्या मशीनच्या बदल्यात सूट मिळणार असेल तर आधी सूट न धरता भाव विचारावा आणि नंतर जुन्या मशीनचा उल्लेख करावा. हा क्रम उलटल्यास सूट भावातच मिळवलेली असू शकते. बदल्यात द्यायचे नसेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावे. कचरागाडीत ई-कचऱ्याचा खण वेगळा असला तरी त्यात रिमोट मावतो, मशीन नाही.

११. मशीन घरी आल्यावर

पेटी उघडून चारही बाजू पाहिल्याशिवाय पोच द्यायची नाही. बिलावरचा सिरियल क्रमांक मशीनवरच्या स्टिकरशी ताडून पाहावा आणि स्टिकरवरचा निर्मितीचा महिनाही वाचावा. तक्रार करूनही दुकान आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते, आणि तेथे बिल, फोटो व तारखा लागतात.

जोडणी होत असताना समोर उभे राहावे. काढलेले ट्रान्झिट बोल्ट मोजून पिशवीत घालावेत आणि त्या पिशवीवर नाव लिहून ती बिलासोबत ठेवावी, घर बदलताना त्यांची गरज पडते. जुना, ताठर झालेला इनलेट पाइप पुन्हा वापरू नये. नव्या पाइपाची रिंग आत असल्याची खात्री करावी आणि आटे हाताने घट्ट करून मग पक्कडीने फक्त थोडा पीळ द्यावा.

पहिले धुणे कपड्यांशिवाय करावे. ते लावण्यापूर्वी मशीनखाली आणि मागे कोरडे वर्तमानपत्र पसरावे आणि माणूस निघून गेल्यावरही स्पिन पूर्ण होईपर्यंत तेथेच थांबावे. कागद कोरडा राहिला तर मशीन भिंतीकडे सरकवावे. एखाद्या कोपऱ्यावर रुपयाएवढा ओला ठिपका दिसला तर त्याचा फोटो काढून त्याच दिवशी पुन्हा बोलवावे.